पैसा कोणाचा, निर्णय कोणाचा? इंदूरच्या जमाखर्चाबद्दल

रामबागकर

संपत्तीकराची पावती एकदा नीट वाचून बघा. संपत्तीकर, समेकित कर, शिक्षण उपकर, नगरीय विकास उपकर, जलकर, कचरा शुल्क. इतक्या नावांनी आपण निगमला, म्हणजे महापालिकेला, पैसे देतो. तरी वॉर्डात मोठी ड्रेनेज लाइन टाकायची म्हटली की पार्षद (नगरसेवक) म्हणतात, 'भोपाळहून मंजुरी आली की करू.' पार्षद टाळाटाळ करतात असं मला वाटत नाही. बहुतेक वेळा ते खरंच सांगत असतात.

मला या धाग्यात एवढंच मांडायचं आहे की निवडणुकीत आपण चेहऱ्यांवर वाद घालतो, पण शहराचे निर्णय पैशाच्या अटींवर होतात. पैसा कुठून आला, कोणत्या कामाला बांधून आला आणि निवडणुकीच्या किती आधी आला, हे कळलं की निर्णय आपोआप उलगडतो.

सुरुवात १९७६ पासून करावी लागेल. तोपर्यंत शहरात येणाऱ्या मालावर चुंगी, म्हणजे जकात, होती. नाक्यावर रोज रोख पैसा जमा व्हायचा आणि तो थेट निगमचा असायचा. कापडाचा, धान्याचा, किराण्याचा व्यापार वाढला की निगमचं उत्पन्न वाढायचं. मध्यप्रदेशाने त्या वर्षी चुंगी बंद करून राज्याचा प्रवेश कर आणला आणि स्थानिक संस्थांना 'चुंगी क्षतिपूर्ती', म्हणजे चुंगीची भरपाई, द्यायला सुरुवात केली. व्यापाऱ्यांची नाक्यावरची कटकट गेली हे खरंच चांगलं झालं. पण त्या दिवसापासून निगमच्या हक्काचा पैसा भोपाळहून मिळणारी रक्कम झाला. २०१७ मध्ये प्रवेश कर जीएसटीत गेला, क्षतिपूर्ती तशीच चालू राहिली. ती किती आणि कधी द्यायची ते राज्य ठरवतं, आणि वीज कंपनीची थकबाकी असेल तर ती आधी कापून मग उरलेली रक्कम पाठवतं. वीजबिल आधी भरायचं की पगार आधी द्यायचे, हा निर्णयसुद्धा मग निगमचा राहत नाही.

दुसरं उदाहरण ताजं आहे, पण त्याची चर्चा फारशी झाली नाही. कोरोनाच्या वर्षात, २०२०-२१ मध्ये, केंद्राने राज्यांना जादा कर्ज काढायची मुभा दिली. त्यातला काही भाग सुधारणांना बांधलेला होता: रेशनकार्ड, उद्योग परवाने, वीज वितरण आणि शहरी संस्था. प्रत्येक सुधारणेमागे राज्याच्या सकल उत्पन्नाच्या ०.२५ टक्के जादा कर्ज. शहरी संस्थांसाठी अट अशी की संपत्तीकराचे किमान दर कलेक्टर गाइडलाइनशी, म्हणजे जमीन-मालमत्तेच्या सरकारी दरांशी, जोडायचे, आणि पाणी-ड्रेनेजचं शुल्क खर्चाला धरून ठेवायचं. ही अट सगळ्यात आधी पुरी करणाऱ्या दोन राज्यांत आंध्र प्रदेशाबरोबर आपलं राज्य होतं. त्यापोटी मध्यप्रदेशाला २,३७३ कोटी रुपये जादा कर्ज काढायची परवानगी मिळाली.

आता हेही लक्षात घ्या की तेव्हा इंदुरात निवडून आलेली परिषदच नव्हती. मुदत २०२० च्या सुरुवातीला संपली होती आणि निवडणूक झाली जुलै २०२२ मध्ये. मधल्या काळात प्रशासक होते. म्हणजे आपल्या घरपट्टीचा पाया बदलला तो दिल्लीच्या कर्जाच्या अटीमुळे, भोपाळच्या कायद्याने. त्यावर हात वर करून 'हो' किंवा 'नाही' म्हणायला एकही पार्षद सभागृहात नव्हता. बदल चूक होता असं मी म्हणत नाही. गाइडलाइनशी कर जोडणं तर्काला धरून आहे. पण तो कोणी ठरवला हे तरी आपल्याला माहीत असावं.

तुमचे अनुभव, आकडे, विरोध, सगळं लिहा.

---

लेखाशीर्ष

रामबागकर, चांगला धागा. राज्याच्या लेखा सेवेत होतो म्हणून थोडं आतलं लिहितो.

राज्याचं २०२५-२६ चं बजेट ४.२१ लाख कोटींचं आहे. आकडा ऐकून वाटतं की मुख्यमंत्र्यांच्या हातात केवढी सत्ता! पण त्यातले पगार, पेन्शन आणि व्याज आधीच ठरलेले. शिवाय केंद्राच्या योजनांत राज्याचा हिस्सा घालावा लागतो, बहुतेक योजनांत केंद्राचे ६० आणि आपले ४०. तो हिस्सा घातला नाही तर केंद्राचे साठही येत नाहीत. म्हणून वित्त विभाग हा हिस्सा आधी बाजूला काढतो. मग ती योजना आपल्या जिल्ह्याच्या गरजेची असो वा नसो. मंत्री खरोखर ज्यावर 'हे करू, ते नको' म्हणू शकतात तो पैसा उरतो तो थोडा. सगळं राजकारण त्या थोड्यावर चालतं.

त्या थोड्यातून काय निवडलं जातं? पूल पाच वर्षं बांधावा लागतो आणि त्याची फीत कदाचित दुसराच कापतो. खात्यात पैसे मात्र एका दिवसात पडतात. बायकांच्या खात्यात दरमहा पैसे टाकणाऱ्या लाडली बहना योजनेच्या तारखा बघा: घोषणा जानेवारी २०२३, सुरुवात मार्च, पहिला हप्ता १० जूनला १,००० रुपये, ऑक्टोबरपासून १,२५०, मतदान १७ नोव्हेंबर. २३० पैकी १६३ जागा सत्तारूढ पक्षाला मिळाल्या. एका योजनेने निवडणूक जिंकली असं मी म्हणणार नाही, कारणं बरीच असतात. पण विरोधकांनीही त्याच वर्षी १,५०० रुपयांची नारी सम्मान योजना जाहीर केली होती. म्हणजे कोणीही आलं असतं तरी तिजोरीवर हा खर्च येणारच होता.

गणित करून बघा. सव्वा कोटी बहिणी, महिन्याला १,२५०, बारा महिने: साधारण १८,७५० कोटी. २०२५-२६ च्या बजेटात तरतूद १८,६६९ कोटींची आहे, म्हणजे हिशेब जुळतो. नोव्हेंबर २०२५ पासून हप्ता १,५०० झाला. त्याच संख्येला वर्षाचे २२,५०० कोटी लागतात. एकदा दिलेली रक्कम कोणतंही सरकार कमी करू शकत नाही, त्यामुळे ती आता पगार-पेन्शनच्या पंगतीत बसली. पुढच्या सरकारच्या हातात निवडीसाठी आणखी कमी उरणार.

---

छत्रीबाग

काका, तुमच्या आकड्यांबद्दल आदर आहे, पण शेवटच्या परिच्छेदाशी मी सहमत नाही.

आमच्याकडे पोळ्या करायला ज्या ताई येतात त्यांना हे पैसे मिळतात. नवऱ्याच्या हातात ते जात नाहीत, कारण आधारशी जोडलेलं खातं त्यांच्या स्वतःच्या नावावर असावं लागतं. त्यांनी मुलीच्या शिकवणीची फी त्यातून चालू केली. फी भरायची तारीख आणि हप्त्याची तारीख त्यांनी शिकवणीवाल्या मॅडमना सांगून जुळवून घेतली आहे. हे मी रोज डोळ्यांसमोर बघते.

सरकारने मतांच्या धास्तीने दिलं, असं सगळे म्हणतात. मग? सरकारला कोणाची तरी धास्ती वाटणारच. आजवर कंत्राटदारांची वाटली, उद्योगांना स्वस्त जमिनी देताना वाटली. एकदा पोळ्या करणाऱ्या बाईची वाटली तर लगेच तिजोरीची काळजी कशी सुरू होते? मला त्याचा राग येतो.

माझी तक्रार वेगळी आहे. २०२३ मधल्या दोन फेऱ्यांनंतर नवीन नोंदणीच झालेली नाही. ताईंच्या भाचीला त्यानंतर एकविसावं लागलं, लग्न झालं, घरची परिस्थिती तीच. तिला काही नाही. सरकारने हप्ता वाढवला, पण दार उघडलं नाही. ज्या आधीपासून आत आहेत त्यांची रक्कम वाढवली की सव्वा कोटी घरांत बातमी पोहोचते. नवीन मुलींना घेतलं तर काही लाख घरांतच पोहोचते आणि यादी कायमची वाढत जाते. रामबागकर दादा म्हणतात ते इथे मला पटतं. हा निर्णय गरजेने झाला नाही, हिशेबाने झाला.

---

लेखाशीर्ष

छत्रीबागताई, नोंदणीचा मुद्दा अगदी बरोबर मांडलात. योजना नको असं मला म्हणायचं नव्हतं. ती कायमची ठेवायची असेल तर तिच्यासाठी कायमचं उत्पन्न दाखवा, इतकंच. राज्याने २००५ मध्ये वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा केला तो यासाठीच. आणि उद्योगांच्या सवलतींचाही असाच वर्षवार हिशेब जाहीर व्हावा, हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य.

---

राजेंद्रनगर_केबल

बीआरटीएस (बससाठी राखीव मार्गिका) आणि मेट्रोबद्दल कोणीच लिहीत नाही म्हणून लिहितो. आमचा रोजचा जीव त्यात जातो.

बीआरटीएस आली कशी? शहरांच्या विकासासाठी केंद्राची जेएनएनयूआरएम योजना डिसेंबर २००५ मध्ये सुरू झाली. आपल्या आकाराच्या शहरांना ५० टक्के केंद्र, २० टक्के राज्य, ३० टक्के निगम असं सूत्र होतं. निम्मा पैसा दिल्ली देतेय म्हटल्यावर निरंजनपूर ते राजीव गांधी चौक साडेअकरा किलोमीटरचा कॉरिडॉर आखला आणि २०१३ मध्ये बस सुरू झाली. फूटपाथ, शहराच्या इतर भागांसाठी साध्या सिटी बस, जुन्या भागातलं पार्किंग या कामांना अशी निम्मी रक्कम सहज मिळत नव्हती. म्हणून आधी काय झालं? ज्याला पैसा मिळत होता ते.

पुढे योजना संपली. कॉरिडॉर चालवायचा, दुरुस्त ठेवायचा, वाढवायचा खर्च शहरावर आला आणि त्याचा वाली कोणी उरला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो काढायची घोषणा केली, फेब्रुवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने परवानगी दिली. मी त्या बसने रोज प्रवास करायचो. मिश्र वाहतुकीत अडकलेले लोक तिला शिव्या द्यायचे, पण आतले आम्ही वेळेवर पोहोचायचो. बांधताना आम्हाला विचारलं नाही आणि काढतानाही नाही.

मेट्रोची तारीख बघा. केंद्रीय मंत्रिमंडळाने इंदूर मेट्रोला मंजुरी दिली ३ ऑक्टोबर २०१८ रोजी, साडेएकतीस किलोमीटर, ७,५०० कोटी. विधानसभेची आचारसंहिता लागली ६ ऑक्टोबरला. पहिली प्रवासी गाडी धावली ३१ मे २०२५ ला, सुपर कॉरिडॉरच्या बाजूला, जेमतेम सहा किलोमीटर. तिथे रस्ता रुंद आहे, जमीन मोकळी आहे, काम लवकर दिसतं. राजवाड्याच्या बाजूची गर्दी जशीच्या तशी. शहराच्या मधोमध मार्ग जमिनीखालून न्यायचा की वरून, यावर वर्षं गेली, कारण जमिनीखालून नेलं तर वाढीव खर्च राज्याने सोसायचा. लोक म्हणतात नेत्यांचं एकमत होत नव्हतं. मला वाटतं एकमत केव्हाच झालं असतं, वाढीव बिल कोण भरणार ते ठरत नव्हतं.

---

कोथरूडवाला_मूळ_इंदूर

इकडे पुण्यातही तेच झालं. जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, ऑगस्ट २०१५ मध्ये तोही बहुतेक व्यापाऱ्यांसाठी गेला, मग राज्याचं अनुदान. फरक एका बाबतीत आहे. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर महाराष्ट्राने भरपाईचा कायदाच केला आणि त्यात दरवर्षी ८ टक्के वाढ लिहून दिली. मुंबई महापालिकेची जकात मोठी होती, त्यामुळे तिला यात चांगलं वजन होतं. रक्कम कायद्यात असली की मंत्र्यांच्या दारी जावं लागत नाही. इंदूरसाठी चुंगी क्षतिपूर्तीचं असं पक्कं सूत्र मागायला काय हरकत आहे?

हप्त्यांच्या बाबतीत इकडे वेगळं काही नाही. माझी लाडकी बहीण जुलै २०२४ मध्ये १,५०० ने सुरू झाली, मतदान नोव्हेंबरात. कल्पना तुमच्याकडूनच आली.

---

तुकोगंज_जुने_घर

होळकरांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. दुसरे तुकोजीराव महाराज यांनी १८७० मध्ये खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्क्यांनी, १०१ वर्षांच्या मुदतीने. रेल्वेला नाव मिळालं होळकर स्टेट रेल्वे. पण ती बांधली आणि चालवली इंग्रजांनी. पैसा होळकरांचा, नाव होळकरांचं, हुकूम दुसऱ्याचा. पैसा देणाऱ्याचंच चालतं असं नाही, अटी लिहिणाऱ्याचं चालतं. जेएनएनयूआरएमच्या ३० टक्क्यांबद्दल वाचताना मला हेच आठवलं.

आणि अहिल्याबाईंचं खासगी-दौलतचं विभाजन. काशीपासून रामेश्वरापर्यंत देवळं, घाट, धर्मशाळा झाल्या त्या खासगीच्या उत्पन्नातून. राज्याचा वसूल वेगळा, त्याचा हिशेब वेगळा. आज प्रत्येक सरकारी योजनेच्या फलकावर नेत्यांचे फोटो बघितले की ही रेषा किती पुसली गेली ते जाणवतं. पैसा करदात्यांचा आहे, तर फलकावर रक्कम, लेखाशीर्ष (बजेटातलं खर्चाचं खातं) आणि कंत्राटाची मुदत लिहा.

---

रामबागकर

सगळ्यांचे आभार. आता त्या एका गोष्टीबद्दल लिहितो ज्यात इंदूरने वेगळी वाट धरली.

नर्मदेचं पाणी आपल्याकडे जलूदहून येतं. १९७० च्या आंदोलनामुळे नर्मदा मिळाली आणि १९७८ मध्ये पाणी आलं, हे घरोघरी माहीत आहे. पण ते सत्तर किलोमीटरवरून चढवून आणावं लागतं आणि पंपांच्या विजेचं बिल महिन्याला सुमारे २५ कोटी रुपये येतं. वर मी थकबाकी कापून घेण्याबद्दल लिहिलं, त्याचं मूळ या बिलात आहे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये निगमने हरित बाँड, म्हणजे पर्यावरणपूरक कामासाठीचे कर्जरोखे, काढले. जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायचा, त्यासाठी २४४ कोटी. व्याज ८.२५ टक्के, सहामाही. सामान्य माणसाला थेट घेता आलेला देशातला पहिला महापालिका हरित बाँड तो हाच. किमान अर्ज दहा हजारांचा होता, त्यामुळे आमच्या ओळखीतल्या पेन्शनरांनीही अर्ज केले. मूळ विक्री १२२ कोटींची होती, तिच्या जवळजवळ सहापट मागणी आली. एक हजाराच्या बाँडचे २५० चे चार तुकडे, परतफेड तीन, पाच, सात आणि नऊ वर्षांनी. त्याआधी २०१८ मध्येही निगमने १३९.९० कोटींचे बाँड काढले होते, ९.२५ टक्क्यांनी.

मला यात व्याजदरापेक्षा वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. बाँड विकायचा तर निगमला आपला हिशेब तपासून घ्यावा लागतो, पतमानांकन घ्यावं लागतं, शेअर बाजाराला वेळेवर माहिती द्यावी लागते. जे पार्षदाला मागून मिळत नाही ते गुंतवणूकदाराला कायद्याने मिळतं. आणि काम कोणतं करायचं ते शहराने ठरवलं.

---

छत्रीबाग

दादा, पण व्याज भरायचं कोणी? नऊ वर्षांत दोन निवडणुका होतील. आजच्या परिषदेने पुढच्या परिषदांचे हात बांधलेच ना? केंद्राच्या अटी नकोत आणि गुंतवणूकदाराच्या चालतील?

---

लेखाशीर्ष

रास्त प्रश्न. यात दोन गोष्टी बघायच्या. एक, अशा बाँडांना एस्क्रो खातं असतं. निगमच्या ठरावीक उत्पन्नातून हप्त्याची रक्कम आधी तिथे जाते आणि मग बाकीचा खर्च. म्हणजे हो, हात बांधले जातात. पण बांधणारं काम दरमहा वीज वाचवणारं असेल तर ते स्वतःचा हप्ता स्वतः काढू शकतं. त्याच पैशातून चौक सजवले असते तर तुमचा आक्षेप पूर्ण खरा ठरला असता. दोन, यातही केंद्र अगदी बाहेर नव्हतं. बाँड काढणाऱ्या शहरांना अमृत योजनेतून दर शंभर कोटींमागे १३ कोटी, जास्तीत जास्त २६ कोटी प्रोत्साहन ठेवलेलं होतं. दिल्लीने गाजर दाखवलं, पण कोणत्या दिशेने जायचं ते शहरावर सोडलं. अट आणि प्रोत्साहन यांत मी एवढा फरक करतो.

---

राजेंद्रनगर_केबल

मग जलूदचा हिशेबच बघू या ना. प्रकल्प सुरू झाल्यावर पंपांचं बिल किती कमी झालं, हे कोणी मागितलंय का? २५ कोटींतले पाच वाचले तरी वर्षाचे साठ कोटी होतात. ते कुठे गेले ते कळलं पाहिजे.

---

रामबागकर

हेच मागायचं. माहिती अधिकाराच्या अर्जात 'बचत किती झाली' असं विचारू नका, 'माहिती उपलब्ध नाही' असं उत्तर येतं. कागद मागा: जलूदच्या पंपिंग स्टेशनची प्रकल्पाआधीच्या आणि नंतरच्या वर्षांची महिनावार वीजबिलं, सौर वीज वळती झाल्याच्या नोंदी, एस्क्रो खात्यात वळवलेल्या रकमांचं विवरण, आणि चुंगी क्षतिपूर्तीतून वीज थकबाकीपोटी झालेल्या कपातीचे आदेश. वर्षं लिहून द्या. चार वेगळे अर्ज करा, एकात घातले तर एका कागदासाठी चारही अडकतात.

लेखाशीर्ष काका, लेखाशीर्षांची बरोबर नावं तुम्ही सांगितलीत तर मसुदा मी इथेच टाकतो. कोथरूडवाला, महाराष्ट्राच्या भरपाई कायद्यातलं ८ टक्के वाढीचं कलम शोधून द्याल का? आमच्या आमदारांना पत्र लिहिताना सोबत जोडायचं आहे.

---

लेखाशीर्ष

उद्या संध्याकाळपर्यंत देतो. नगरीय विकास विभागाची अनुदान मागणीही काढून ठेवतो, क्षतिपूर्तीची तरतूद आणि प्रत्यक्ष वाटप शेजारी-शेजारी ठेवून बघता येईल.